सॉल्ट लेक सिटी: जगाच्या वंशावळी आणि घरची झाकली मूठ

अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या सॉल्ट लेक सिटीत वाट चुकायची म्हटलं तरी अवघड आहे. रस्त्यांचे आकडे टेंपल स्क्वेअर या मंदिराच्या चौकापासून सुरू होतात. ३०० साउथ म्हणजे मंदिराच्या दक्षिणेला तिसरा रस्ता. मॉर्मन या ख्रिस्ती पंथाचा पुढारी ब्रिगहम यंग १८४७ च्या जुलैत आपल्या अनुयायांना घेऊन इथल्या वाळवंटात उतरला आणि शहर मंदिराभोवती आखलं गेलं. मंदिर पुरं व्हायला मात्र १८५३ ते १८९३ अशी चाळीस वर्षं लागली.

मंदिराच्या आत आपल्याला प्रवेश नाहीच. सगळ्या मॉर्मनांनाही नाही. आधी मुलाखत होते: उत्पन्नाचा दहावा हिस्सा चर्चला देता का, दारू-तंबाखू, चहा-कॉफी वर्ज्य आहे का, वगैरे. उत्तरं पटली तरच परवाना. परवाना नसलेल्या आईबापांना पोटच्या पोरीचं मंदिरातलं लग्नही बघता येत नाही, बाहेर थांबावं लागतं. हे कळल्यावर त्या देखण्या ग्रॅनाइटकडे मला पुन्हा तसं बघता येईना. (चहा वर्ज्य, पण कोल्ड्रिंकमध्ये नारळाचं सिरप आणि क्रीम घालून देणारी दुकानं गावभर. कॅफिनचा हिशेब मला शेवटपर्यंत लागला नाही.)

मला खरं तर पाहायचं होतं पलीकडच्या रस्त्यावरचं वंशावळींचं ग्रंथालय. प्रवेश फुकट, धर्माची चौकशी नाही, आणि मदतीला उत्साही आजी-आजोबा. माझं आडनाव सांगताच एका आजींनी संगणकावर भारताचं पान उघडलं. हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांची छायाचित्रं! यात्रेकरूंची नावं, गावं, कोणाचा कोण, सगळं. त्र्यंबकेश्वरला आमच्या उपाध्यांच्या वहीत आजोबांची सही आहे, तसल्याच वह्या, इथे युटामध्ये. शहराबाहेरच्या डोंगरात कोरलेल्या कोठारात अशा लाखो मायक्रोफिल्म जपून ठेवल्या आहेत. खोटं कशाला बोलू, मी भारावून गेलो.

पण हा खटाटोप कशासाठी? मेलेल्या पूर्वजांचा बाप्तिस्मा करण्यासाठी. मंदिरात एखादा जिवंत मॉर्मन, बहुतेकदा कोवळ्या वयाची मुलं, मृताच्या नावाने पाण्यात बुडी घेतात. ते स्वीकारायचं की नाही हे मृतात्म्याच्या हाती, असं चर्च म्हणतं. नाझींनी मारलेल्या ज्यूंची नावंही यात आली. ज्यू संघटनांनी आक्षेप घेतल्यावर १९९५ मध्ये ते थांबवायचा करार झाला, तरी २०१२ मध्ये ॲन फ्रँकचं नाव पुन्हा यादीत निघालंच. धर्मापायी जिचा जीव गेला, तिला परस्पर दुसऱ्या धर्माचं पाणी! आजींना मी हे विचारलं. त्यांनी प्रेमाने सांगितलं, ही आमच्याकडून भेट असते. त्यांच्या मनात खोट नव्हती, म्हणूनच वाद घालणं जड गेलं.

दुसऱ्याच्या खापरपणजोबाची नोंद इतक्या निगुतीने ठेवणारं हे चर्च स्वतःच्या संस्थापकाबद्दल मात्र फार हातचं राखून बोलत आलं. जोसेफ स्मिथने तीस-चाळीस बायका केल्या, त्यातली सर्वांत लहान पंधरा वर्षांचीही नव्हती, हे चर्चने आपल्या संकेतस्थळावर सविस्तर मान्य केलं २०१४ मध्ये. आपल्याला सापडल्याचं तो सांगे त्या सोन्याच्या पत्र्यांवरून ‘मॉर्मनचं पुस्तक’ हा पंथाचा धर्मग्रंथ उतरवताना तो टोपीत एक खडा ठेवून त्यात तोंड खुपसून मजकूर सांगायचा. त्या खड्याचा फोटो छापला २०१५ मध्ये. त्याने १८३५ मध्ये मिळालेल्या इजिप्शियन पपायरसच्या गुंडाळ्यांवरून बायबलमधल्या अब्राहमचं पुस्तक ‘भाषांतरित’ केलं होतं. त्याचे तुकडे १९६७ मध्ये चर्चच्या हाती परत आले, तेव्हा जाणकारांनी वाचून सांगितलं की हे तर अंत्यविधीचे नेहमीचे मंत्र, अब्राहमचं नावसुद्धा नाही. बहुपत्नीत्व १८९० मध्ये जाहीरपणे सोडल्यानंतरही आतून लग्नं चालूच होती, हे कागदपत्रांनिशी मांडणाऱ्या मायकल क्विन या इतिहासकाराला १९९३ मध्ये बहिष्कृत केलं. त्याच महिन्यात आणखी पाच जणांवर कारवाई झाली. काळ्या पुरुषांना १९७८ पर्यंत पुरोहितपद नव्हतं, बायकांना आजही नाही.

पैशाचीही तीच तऱ्हा. चौकासमोरचा सिटी क्रीक मॉल चर्चच्याच मालकीचा. आत खोटा ओढा खळाळतो. तेरा नामधारी कंपन्या काढून शेअर्समधली गुंतवणूक लपवल्याबद्दल २०२३ मध्ये अमेरिकेच्या रोखे आयोगाने चर्च आणि त्याच्या गुंतवणूक संस्थेला मिळून ५० लाख डॉलर दंड केला. सामान्य सभासद मात्र दरवर्षी बिशपपुढे बसून आपण पूर्ण दशांश दिला की नाही ते सांगतो.

जाणार असाल तर रविवार टाळा, मॉल आणि ग्रंथालय दोन्ही बंद असतात. दुपारी चौकातल्या टॅबरनॅकल या सभागृहातलं ऑर्गनवादन फुकट असतं, ते चुकवू नका. आजी-आजोबांच्या गावांची नावं रोमन लिपीत लिहून न्या, आणि चहाची पावडर घरून.