गोसिनी गेला आणि पाऊस लागला

१२ जुलै, रात्री

तीन दिवस झाले, कपडे वाळत नाहीत. आज सुट्टी होती म्हणून माळ्यावरची पुस्तकांची पेटी खाली काढली, कुबट वास येतोय का बघायला. येतोय. ॲस्टेरिक्स या फ्रेंच चित्रकथेचे अल्बम पंख्याखाली उघडे पसरले आणि अर्थातच वाचत बसलो. आवरायला काढलेली पुस्तकं कधी कुणाची आवरून झालीत?

बेल्जियमवाल्या गोष्टीपाशी अडकलो. लहानपणी ही मला नुसत्या हाणामारीसाठी आवडायची. पुढे पुढे आभाळ काळवंडतं, पाऊस लागतो, हे तेव्हा लक्षातही आलं नव्हतं. कारण कळायला पुष्कळ वर्षं जावी लागली. ५ नोव्हेंबर १९७७ ला लेखक रेने गोसिनी डॉक्टरांकडे हृदयाची तपासणी चालू असतानाच गेला. वय ५१. गोष्ट लिहून तयार होती, चित्रं अर्धवट. चित्रकार आल्बेर उदेर्झोला ती पुरी करावीशीच वाटेनात. प्रकरण कोर्टापर्यंत गेलं. १९७९ मध्ये अल्बम आला, तो हा असा भिजलेला.

उदेर्झोचा जन्म १९२७ चा, फ्रान्समधल्या फीम गावचा, आईबाप इटलीहून आलेले. जन्मतः दोन्ही हातांना सहा-सहा बोटं, ती लहानपणीच काढून टाकली. शिवाय लाल-हिरव्याची गल्लत व्हायची. रंग भरायचं काम मग इतरांकडे, त्यात धाकटा भाऊ मार्सेलही. याच्याकडे राहिली काळी रेघ. पण काय रेघ! ॲस्टेरिक्सचा धिप्पाड सोबती ओबेलिक्स, दगड पाठीवर घेतलेला, त्याच्या चालण्यात वजन दिसतं, ते रंगामुळे नव्हे.

आणि हा ओबेलिक्स मुळात हट्टातून आलेला. १९५९ च्या उन्हाळ्यात पॅरिसजवळच्या बोबिन्यीत, उदेर्झोच्या फ्लॅटवर, 'पिलोत' या नव्या साप्ताहिकासाठी दोघं विषय शोधत बसले होते. फ्रान्सच्या इतिहासाची उजळणी करता करता गॉल लोकांपाशी, म्हणजे तिथल्या प्राचीन रहिवाशांपाशी, थांबले. उदेर्झोने धिप्पाड वीर काढला, गोसिनीला हवा होता बुटका आणि चलाख. याने बुटका काढून दिला, तो ॲस्टेरिक्स, पण आपला धिप्पाड गडी काही सोडला नाही, शेजारी उभा केला. गोष्टीतलं गाव कुठे वसवायचं हेही गोसिनीने याच्यावरच सोपवलं, फक्त समुद्र जवळ हवा म्हणाला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटनीत, फ्रान्सच्या समुद्रकाठच्या प्रांतात, राहिलेल्या उदेर्झोला फार शोधावं लागलं नाही.

१९८० पासून पुढची बरीच वर्षं लेखनही त्याचंच. खरं सांगायचं तर तिथून विनोद पातळ झाला. गोसिनी एका वाक्यात तीन चिमटे काढायचा, उदेर्झो एक चिमटा दोन पानं ओढतो. १९८७ ची जादूच्या गालिच्याची गोष्ट मात्र मी त्याला माफ करतो. गंगाकाठी दुष्काळ, पाऊस न पडला तर राजकन्येचा बळी. पाऊस पाडायला गॉलहून आणलेला बेसूर भाट वाटेतच आवाज घालवून बसतो. उपाय काय, तर हत्तिणीचं दूध, शेण आणि केस यांत त्याला बुडवून ठेवणं. मग तो गातो, आणि कोसळतो पाऊस. आमचा मेघमल्हार शिकायला वर्षं लागतात, याचं नुसत्या बेसूरपणावर भागतं.

मित्र गेला तेव्हा पाऊस, आणि दहा वर्षांनी पुन्हा पाऊस, या खेपेला लोक नाचतायत. योगायोगच असेल. मी आपला दोन्ही अल्बम शेजारी ठेवून बराच वेळ बघत बसलो.

बेल्जियमचं मलपृष्ठ दमटपणाने फुगलंय. इस्त्री फिरवू का, असा विचार केला. नको. उद्या ऊन पडलं तर बघू.