चतुर म्हणे!

भरदुपारी एक चतुर खिडकीच्या काचेवर धडकला. मागे सरकला, नेम धरून पुन्हा तिथेच धडकला. मला हसूच आलं. चतुर म्हणे!

हे नाव याला कशावरून मिळालं असेल? चतुर म्हणजे चार, पंखही चार, असा हिशेब लावता येतो. चारही पंख वेगवेगळे हलवता येत असल्यामुळे पठ्ठ्या हवेत जागच्या जागी थांबतो, उलटाही उडतो. पण चार पंख फुलपाखरालाही असतात, त्याला कुणी चतुर म्हटलेलं नाही. संस्कृतात चतुर म्हणजे चपळ, असाही अर्थ आहे. माझं मत त्याला. हुशारी मागाहून चिकटली असणार.

तरी आपण बरे. इंग्रजीत हा थेट ड्रॅगन. त्यातही जुनं नाव ‘सैतानाची रफूची सुई’. खोटं बोलणाऱ्या पोरांचे ओठ शिवून टाकतो म्हणे. स्वीडिशमध्ये राक्षसाची सूत कातायची चाती, पोर्तुगीजमध्ये डोळे काढणारा. एवढ्याशा जिवाला काय काय ऐकून घ्यावं लागतं! जपान्यांनी मात्र आपल्या देशालाच याचं नाव दिलं होतं: आकित्सुशिमा, चतुरांचं बेट. आपल्याकडे सुई नाही, पण टाचणी आहे. ती चतुराची बारीक चुलतबहीण, बसली की बहुधा पंख मिटून घेणारी. तिच्या नावात कोडं असं काही नाहीच.

खरी चतुराई पाण्यात असते, उडायला लागण्याआधीची. तळाशी चिखलाच्या रंगाचं ते पिल्लू दबा धरून बसतं. खालचा ओठ घडी घालून तोंडाखाली ठेवलेला. डासाची अळी टप्प्यात आली की ओठ सटकन पुढे, अळी तोंडात. पळायची वेळ आली तर ढुंगणातून पाण्याची पिचकारी मारून सुसाट. बघणाऱ्याने यावरून नाव ठेवलं असतं तर ते छापण्याजोगं राहिलं नसतं.

लहानपणी आम्ही चतुर धरून त्याला खडे उचलायला लावायचो. शेपूट चिमटीत धरायची (पोट असतं ते, पण शेपूटच म्हणायचं) आणि पाय खड्याला टेकवायचे. सहाही पायांनी तो खडा कवटाळायचा आणि पंखांची थरथर आपल्या बोटांत उतरायची. आता वाचतो की याच्या डोळ्यांत हजारो भिंगं असतात, जवळपास चहूकडचं दिसतं. मग आमच्या हाती लागायचे ते कोण? असतील त्यांच्यातले जरा कमी चतुर.