मोठी रीबिल्डेबल टाकी आणि तिच्या वातीचे दुखणे

‘कॉइलमध्ये कापूस घाला आणि टाकी भरा.’ माझ्या ई-सिगारेटच्या मोठ्या रीबिल्डेबल टाकीसोबत आलेल्या माहितीपत्रकात सगळ्यांत कठीण टप्प्याबद्दल एवढे एकच वाक्य आहे, आणि ते आठवले की मला अजूनही राग येतो. त्याच पत्रकात काच कशी बदलावी याची चित्रे आहेत, वॉरंटीच्या अटींना बरीच जागा दिली आहे. पण कापूस किती घालायचा, त्याची टोके किती लांब ठेवायची, ती खाचेत दाबायची की नुसती टेकवायची, याबद्दल अवाक्षर नाही. या टाकीविषयी जे काही बरेवाईट बोलता येईल ते मात्र सगळे याच न सांगितलेल्या गोष्टींवर ठरते.

तयार कॉइल (द्रव तापवून त्याची वाफ करणारी तारेची गुंडाळी) विकत घ्यायची आणि जळली की फेकायची, हा प्रकार ज्यांना नको असतो ते रीबिल्डेबल टाकीकडे वळतात, कारण तिच्यात तार, कापूस आणि बांधणी आपली असते. माझी टाकी ३० मिलिमीटर व्यासाची, आठ मिलिलीटर द्रव मावणारी आणि दोन कॉइलींची आहे. तळाशी डेक म्हणजे बांधणीची बैठक, डेकवर कॉइलचे पाय धरून ठेवणारे खांब, त्यांच्या भोवती द्रव उतरण्यासाठी चार खाचा, वर घुमटाकार कोठडी, तिच्यातून वर जाणारी नळी आणि या सगळ्याभोवती काच, अशी तिची रचना आहे. जिथे कायद्याची मुभा आहे तिथल्या, आधीच निकोटिनची सवय असलेल्या प्रौढांसाठीच हे लिहीत आहे. ज्याला ती सवय नाही त्याने या भानगडीत पडण्याचे काहीच कारण नाही.

टाकी सुटी करून यंत्रावरचे तेल जाण्यासाठी गरम पाण्याने आणि साबणाने धुणे, वाळवणे, कॉइलचे पाय मापात कापून स्क्रू आवळणे, या कामांत विशेष काही अडले नाही. नायक्रोम ८० या तारेच्या, ३ मिलिमीटर आतील व्यासाच्या दोन क्लॅप्टन (जाड तारेवर बारीक तार गुंडाळलेल्या) कॉइल मी बसवल्या. प्रत्येकीचा रोध ०.४ ओहम, आणि दोन्ही समांतर जोडल्या जात असल्यामुळे एकूण ०.२ ओहम. हा आकडा लहान दिसतो, पण पूर्ण चार्ज झालेली बॅटरी ४.२ व्होल्ट देते आणि नियंत्रण नसेल तर ०.२ ओहममधून थेट २१ अँपिअर वाहतात, हा हिशेब ज्याला मांडता येत नाही त्याने अशा टाकीला हात लावू नये. मी ती दोन बॅटरींच्या, सर्किटने नियंत्रित होणाऱ्या मॉडवरच (टाकी ज्यावर बसते त्या बॅटरीच्या यंत्रावरच) वापरतो. यांत्रिक, म्हणजे असे सर्किट नसलेल्या, मॉडवर, त्यातही ज्यात बॅटरी थेट टाकीच्या पिनेला टेकते अशा हायब्रिड मॉडवर, टाकीची ५१० जोडणीची (टाकी मॉडवर फिरवून बसवण्याच्या आट्यांची) मधली पीन आट्यांच्या पातळीच्या स्पष्ट बाहेर नसेल तर बॅटरीचे शॉर्ट सर्किट होऊ शकते. माझ्या टाकीची पीन जवळजवळ सपाट आहे आणि तेही पत्रकात लिहिलेले नाही.

कॉइल कमी वॅटवर क्षणभर तापवून, बटण सोडल्यावर सिरॅमिक चिमट्याने हलकेच दाबत गेले की मधून तापून कडेकडे लाली पसरते. दोन्ही एकदमच लाल झाल्या की काम संपले. यापुढे कापूस.

या टाकीत वातीला, म्हणजे कॉइलमधून ओवलेल्या कापसाला, दोन परस्परविरोधी कामे करावी लागतात. तिने द्रव कॉइलपर्यंत वेगाने पोहोचवायचा असतो आणि त्याच वेळी खाचेचे तोंड बुचासारखे बंद ठेवायचे असते. टाकीतला द्रव खाली सांडत नाही, तो कुठल्या झडपेमुळे नव्हे. वर बंद टोपण असते, द्रव थोडा उतरला की वर कोंडलेल्या हवेचा दाब किंचित कमी होतो आणि बाहेरची हवा उरलेला द्रव तोलून धरते. झुरका घेतल्यावर वातीतला द्रव संपतो, टाकीतून नवा द्रव उतरतो आणि त्याची जागा घ्यायला एक बुडबुडा वातीच्या कडेने वर जातो. ही देवाणघेवाण मोजूनमापून व्हावी लागते. कापूस विरळ असेल तर हवा वाटेल तेव्हा आत शिरते, तेवढाच द्रव डेकवर उतरतो, गुडगुड आवाज येतो आणि पुढे हवेच्या छिद्रांतून गळती सुरू होते. कापूस दाट असेल तर बुडबुडा वर जाऊ शकत नाही, द्रव खाली येत नाही, कॉइल कोरडी पडते आणि घसा धरणारा करपट झुरका मिळतो. हा करपट झुरका केवळ चवीचा प्रश्न नाही. कोरड्या, अति तापलेल्या कॉइलवर द्रवातल्या ग्लिसरिन आणि प्रॉपिलीन ग्लायकोल यांचे विघटन होऊन फॉर्माल्डिहाइड आणि अॅक्रोलिन यांसारखी घातक द्रव्ये तयार होतात. चव करपट लागली की तिथेच थांबावे, ‘आणखी एक ओढून पाहू’ म्हणू नये.

मोठ्या टाकीत हे सगळे अधिक अवघड का होते, ते कळायला मला बराच काळ लागला, कारण जो तो ‘कापूस कमी पडला असेल’ एवढेच सांगत असे. चार खाचा म्हणजे वातीची चार टोके, आणि चारही सारखी बसली नाहीत तर एकाच टाकीत एक बाजू गळते आणि दुसरी करपते. गळती थांबवण्यासाठी कापूस वाढवला की करपणारी बाजू आणखी करपते, करपणे थांबवण्यासाठी तो उपसला की गळणारी बाजू आणखी गळते, आणि माणूस या दोन टोकांमध्ये हेलपाटत राहतो. माझा संताप नेमका इथला आहे. टाकी बनवणाऱ्यांना हे ठाऊक नसणे शक्य नाही. तरीही खाचेची रुंदी, तिच्यासाठी योग्य कापसाचे प्रमाण, टोकांची लांबी यांतले काहीही ते छापत नाहीत आणि ग्राहकाला कापसाच्या पाकिटामागून पाकीट संपवायला लावतात.

शेवटी जे जमले ते असे. कापसाची पट्टी कॉइलच्या आतून ओढताना तिला किंचित अडथळा जाणवला पाहिजे, पण कॉइल हलता किंवा वाकता कामा नये. कॉइल सरकली तर पट्टी जाड आहे. दोन्ही बाजूंची टोके डेकच्या बाहेरच्या कडेपाशी कापावीत. मग कॉइलच्या आतला भाग तसाच भरीव ठेवून केवळ बाहेरची टोके बारीक कंगव्याने किंवा चिमट्याच्या टोकाने विंचरून विरळ करावीत. माझ्या बाबतीत सगळा फरक या एका कृतीने पडला. कॉइलमध्ये दाट आणि खाचेत मोकळा, असे कापसाचे दोन वेगवेगळे घट्टपण एकाच वातीत हवे असते, आणि सबंध पट्टीच बारीक करणाऱ्याला ते कधी मिळत नाही. विंचरलेले टोक खाचेत ठेवताना दाबू नये. त्याने खाचेचे तोंड पूर्ण झाकावे, तळाला जेमतेम टेकावे आणि कुठेही घडी पडू नये. घडी पडली की तिथे द्रव अडतो. कॉइलखालचे हवेचे छिद्र कापसाने झाकले जात नाही ना, हेही याच वेळी पाहावे. कापूस डेकवरच द्रवाने पूर्ण भिजवावा, कोरड्या जागा राहिल्या असतील तर त्या फिक्या दिसतात, आणि मगच वरची कोठडी आट्यांवर फिरवावी. कोठडी फिरवताना तिची कडा एखादे टोक ओढून नेते. ती काढून पुन्हा पाहण्याचा कंटाळा करू नये.

टाकी भरल्यावर लगेच ७० वॅटवर जाण्याची घाई मलाही होत असे, पण तिला थोडा वेळ उभी ठेवणेच बरे. मग कमी वॅटवर सलग काही लांब झुरके घ्यावेत आणि काचेकडे पाहावे. झुरक्यानंतर बुडबुडे वर गेले तर वात चालते. झुरक्यांमागून झुरके घेऊनही एकही बुडबुडा दिसत नसेल तर ती घट्ट आहे. कोणी झुरका घेत नसताना बुडबुडे येत असतील तर ती सैल आहे. चारही खाचांवरून ते आळीपाळीने येताना पाहिले तेव्हा मला झालेला आनंद जरा अतिरेकी होता, हे मान्य आहे.

तरीही गळती होते, आणि तिचा दोष कापसाला देऊ नये अशा दोन वेळा आहेत. पहिली भरतानाची. वरचे टोपण उघडले की दाबाचा तोल जातो आणि ते परत लावताना आतली हवा दाबली जाऊन द्रव डेकवर ढकलला जातो. म्हणून द्रवाचा प्रवाह बंद करणारी कडी असेल तर ती आधी बंद करावी. नसेल तर हवेची कडी (हवेची छिद्रे झाकणारी) बंद करून भरावे, टोपण लावल्यावर टाकी उलटी धरावी आणि मग हवा उघडावी. दुसरी वेळ टाकी अर्धी रिकामी असतानाची. आठ मिलिलीटरच्या टाकीत चार मिलिलीटर हवा कोंडलेली असली आणि खिशातल्या उबेने ती दहा अंशांनी तापली, तर ती सुमारे तीन टक्के पसरते, म्हणजे दोन-तीन थेंब द्रव बाहेर ढकलला जातो. विमान वर चढते तेव्हा केबिनमधला दाब कमी होऊनही हेच घडते, आणि कितीतरी मोठ्या प्रमाणात. लहान टाकीत कोंडलेली हवाच कमी असल्यामुळे हा त्रास जाणवत नाही.

थंडीचे सांगायचे राहिले. ग्लिसरिन मुळातच प्रॉपिलीन ग्लायकोलपेक्षा पुष्कळ दाट असते आणि गारठ्यात आणखी दाट होते, त्यामुळे उन्हाळ्यात नीट चालणारी वात थंडीत करपू लागते. अशा वेळी कापूस बदलण्याआधी वॅट कमी करून आणि दोन झुरक्यांमधले अंतर वाढवून पाहावे. मी ७० टक्के ग्लिसरिनचा, मिलिलीटरला ३ मिलिग्रॅम निकोटिन असलेला द्रव वापरतो. एवढ्या वाफेत याहून तीव्र निकोटिन घेणे शहाणपणाचे नाही. डोके गरगरते आणि मळमळते. द्रवाची बाटली मुलांच्या हाती लागेल अशी कधीही ठेवू नये, कारण निकोटिन गिळणे हे विष पोटात जाणे आहे.

आता पारख. अशा टाक्यांची परीक्षणे करणारे बहुतेक जण वाफ किती आणि चव कशी यावरच गुण देतात, आणि मला ते निरुपयोगी वाटते. वाफ कॉइलच्या पृष्ठभागावर, वॅटवर आणि हवेवर ठरते. चवीचा मोठा भाग कॉइल हवेच्या छिद्रापासून किती वर बसवली आणि कोठडी किती आटोपशीर आहे यावर ठरतो. टाकीचा स्वतःचा गुण वेगळाच आहे: वात थोडी कमीजास्त झाली तरी ती सांभाळून घेते का? माझी सांभाळून घेत नाही. तिच्या खाचा रुंद आणि उथळ आहेत, त्यामुळे कापसातला किंचित फरकही तिला खपत नाही. याउलट डेक प्रशस्त आहे, खांबांची भोके मोठी आहेत, जाड कॉइलचे पाय विनासायास आत जातात आणि स्क्रूंच्या माथ्यावरच्या खाचा अजून झिजलेल्या नाहीत. आटे मऊ फिरतात. हवेची कडी सैल आहे आणि खिशात आपोआप फिरते. एवढे जड धूड मॉडवर चढवल्यावर सगळा भार वर जातो. टेबलाच्या कडेला ठेवू नये. फुगीर काच जाडीने कमी असल्यासारखी वाटते, म्हणून सुटी काच आणि ओ-रिंगांचा एक संच जवळ असावा, आणि ओ-रिंग बसवण्याआधी तिला द्रवाचे बोट लावावे म्हणजे ती पिळवटून तुटत नाही.

मोठ्या मापाचा जो गाजावाजा होतो त्याबद्दलही सांगितले पाहिजे. सुक्रालोज घातलेला गोड द्रव कॉइलवर काळा थर चढवतो, आणि असा द्रव वापरला तर मोठ्या टाकीच्या थोड्याच भरण्यांत चव मंदावते. कापूस बदलायचा म्हणजे भरलेली टाकी रिकामी करणे आले. शिवाय खाचा तळाशी असल्या तरी मॉड जरा कलला की शेवटच्या मिलिलीटरमध्ये एखादी खाच उघडी पडते आणि तिथली वात कोरडी होते. पातळी खाचांच्या वर आहे तोवरच भरावे लागते, त्यामुळे आठ मिलिलीटर लिहिलेल्या या टाकीचा हिशेब मी सातच धरतो.