पेपरक्लिप नेमकी कुणाची?

नॉर्वेतली माणसं तशी स्वतःबद्दल फार बोलत नाहीत, कुणी कौतुक केलं तर अवघडून विषय बदलतात. पण त्यांच्यासमोर चीजचा ठोकळा आणि साधी सुरी ठेवून बघा! लगेच कुणीतरी उठून ड्रॉवरमधनं चीजचे काप काढायचं ते चपटं, मधे फट असलेलं हत्यार काढणार आणि हा आमचा शोध बरं का असंही ऐकवणार. आणि खरंच आहे ते. लिलेहामरला थोर ब्यर्कलुंड नावाचा एक सुतार होता, त्याने १९२५ साली ह्याचं पेटंट घेतलं. सुताराचंच डोकं, त्यामुळे वस्तू म्हणजे चक्क रंधा, फक्त लाकडाऐवजी चीजवर चालणारा. काप असे पातळ निघतात की ठोकळा पुरून उरतो. फक्त मधेच घासून घासून ठोकळ्याची घसरगुंडी करायची नाही, घरातली मोठी माणसं वैतागतात.

पेपरक्लिपची गोष्ट तर त्याहून भारी. योहान वोलर हा नॉर्वेचा माणूस पेटंटचीच कामं करणाऱ्या ऑफिसात नोकरीला होता, त्याला १९०१ मध्ये जर्मनीत क्लिपचं पेटंट मिळालं. पण त्याच्या क्लिपला आतला शेवटचा वळसाच नव्हता, त्यामुळे कागद अडकवताना वैताग, मग ती बाजारात चाललीच नाही. आपण वापरतो ती जेम क्लिप, ती त्याच्या आधीपासूनच मिळत होती. बरं, दुसऱ्या महायुद्धात नाझींनी देश ताब्यात घेतला तेव्हा लोक कोटाला क्लिपा लावून फिरायचे, आम्ही एकमेकांना धरून आहोत हे दाखवायला, आणि पुढे ही क्लिप आपलीच हे सगळ्यांच्या मनात इतकं पक्कं बसलं की १९८९ मध्ये ओस्लोजवळ सांडविकाला जवळपास सात मीटर उंच क्लिप उभी केली. वोलरच्या सन्मानार्थ. आणि आकार कुठला, तर जेम क्लिपचा! १९९९ च्या टपाल तिकिटावरही तीच. मला ह्यांचा अजिबात राग येत नाही, उलट जाम आवडतं हे, तोफा-तलवारींवरून छाती फुगवणाऱ्यांपेक्षा वाकवलेल्या तारेवर खूश होणारे लोक शेजारी असलेले बरे.

स्वीडिश लोक अर्थात ह्यावर हसतात, कारण त्यांची यादी लांबलचक. निल्स बोलिनचा तीन जागी अडकणारा सीटबेल्ट, १९५९ चा, आणि त्याच्या व्होल्वो ह्या मोटार कंपनीने तो इतर कंपन्यांनाही वापरू दिला, ह्याबद्दल मात्र टोमणा न मारता सलाम. (हाच बोलिन आधी साब ह्या विमानं बनवणाऱ्या कंपनीत वैमानिकाला विमानाबाहेर फेकणाऱ्या सीटवर काम करायचा, मग माणसाला सीटला बांधून ठेवायच्या मागे लागला.) झिपही आमची म्हणतात, पण ती करणारा सुंडबॅक तोवर अमेरिकेत स्थायिक झालेला, म्हणजे वादाला जागा आहेच. डॅनिश माणूस मधेच लेगो म्हणून मोकळा होतो. ब्लूटूथचं विचाराल तर काम सुरू झालं स्वीडनच्या एरिक्सनमध्ये, त्यावर राबला डच इंजिनियर, नाव सुचवलं अमेरिकनाने आणि ते नाव डेन्मार्कच्या जुन्या राजाचं, आता घाला भांडण!

माझ्याशी बोलताना स्वीडिश मंडळी हमखास आगपेटीवर येतात. आधी काडीच्या गुलातच विषारी पांढरा फॉस्फरस असायचा, कारखान्यातल्या कामगारांचे जबडे सडायचे. १८४४ मध्ये गुस्ताफ पाशने त्याऐवजी तांबडा फॉस्फरस घेतला आणि तोही काडीवर नाही, घासायच्या पट्टीवर लावला, पुढे यन्शपिंगच्या लुंडस्ट्रॉम बंधूंनी त्याचा मोठा धंदा केला. तुमच्या घरातली काडेपेटीसुद्धा आमचीच, हे ऐकवलं की मी अंबरनाथ काढतो. तिथली विम्को, म्हणजे वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी, स्वीडिश मॅचवाल्यांनीच काढलेली, हे मान्य. पण तिच्या नावाचा चौक आहे, विम्को नाका, रिक्षावाल्याला नुसतं तेवढं सांगितलं तरी पुरतं. स्टॉकहोममध्ये सांगून बघा म्हणावं.