याचे गुण किती?

"खुर्ची काढू नका, तिच्या पायांमधली रिकामी जागा काढा," असे चित्रकलेच्या तासाला शिक्षिकेने सांगताच अभियांत्रिकीचा एक विद्यार्थी वैतागून म्हणाला, "याचे गुण किती?"

प्रश्न रास्त होता. पण तो दिवसभर डोक्यातून जाईना. त्या विद्यार्थ्याच्या आधीच्या चित्रात खुर्चीचे चारही पाय एकाच लांबीचे होते, कारण ते तसे असतात हे त्याला ठाऊक होते. बसल्या जागेवरून ते तसे दिसत मात्र नव्हते.

जर्मनीत वायमार येथे १९१९ साली सुरू झालेल्या बाउहाउस या कला व रचनेच्या शाळेत, पुढे सुतारकाम शिकायचे असो वा विणकाम, आधी पाहण्याचा आणि साहित्य हाताळण्याचा पायाभूत अभ्यासक्रम करावा लागे. गृहीतक बाजूला ठेवून समोरचे पाहण्याची ही सवय यंत्र किंवा रुग्ण तपासणाऱ्यालाही लागतेच (कदाचित चित्रकारापेक्षा जास्तच), मग विद्यापीठे तिला ऐच्छिक विषयांच्या तळाशी का ढकलतात?