कार्यालयाच्या लॅपटॉपवर पांडाज बसवताना: माझा अनुभव

आमच्या कंपनीच्या डेपोंकडून दर महिन्याला चाळीसच्या आसपास एक्सेल फाइल्स येतात आणि त्या एकत्र करून ताळेबंद जुळवण्याचे काम माझ्याकडे आहे. हे काम पायथन या प्रोग्रामिंग भाषेत करायचे मी ठरवले, तेव्हा मला पांडाज (तक्त्यांतील माहिती हाताळणारे) आणि ओपनपायएक्सएल (एक्सेल फाइल्स वाचणारे-लिहिणारे) एवढी दोनच पॅकेजेस, म्हणजे पायथनला जोडायचे तयार कोडचे संच, हवी होती. पायथन ३.९ आयटी विभागाने मंजूर करून लॅपटॉपवर आधीच बसवलेले होते. ॲडमिन अधिकार मात्र माझ्याकडे नव्हते आणि आजही नाहीत.

पहिली अडचण अधिकारांची नव्हतीच. पिपला, म्हणजे पायथनची पॅकेजेस बसवणाऱ्या साधनाला, 'युजर' पर्याय दिला की पॅकेजेस आपल्याच प्रोफाइलमध्ये उतरतात आणि त्यासाठी ॲडमिनचा पासवर्ड लागत नाही. अडले ते सर्टिफिकेटवर, म्हणजे समोरचे संकेतस्थळ खरे असल्याची खात्री देणाऱ्या डिजिटल दाखल्यावर. ब्राउझरमध्ये पायपीआयचे, म्हणजे पायथन पॅकेजेसच्या सार्वजनिक भांडाराचे, पान व्यवस्थित उघडत होते, पण पिप चालवले की सर्टिफिकेटची पडताळणी झाली नाही असा लाल मजकूर येत होता. कारण कळायला मला दोन दिवस लागले. आमचा प्रॉक्सी, म्हणजे कंपनी आणि इंटरनेट यांच्या मधला सर्व्हर, बाहेरून येणारी कूटबद्ध माहिती उघडून तपासतो आणि कंपनीच्या स्वतःच्या सर्टिफिकेटखाली पुढे पाठवतो. ते मूळ सर्टिफिकेट विंडोजच्या साठ्यात असल्यामुळे ब्राउझर त्यावर विश्वास ठेवतो. पिप मात्र स्वतःसोबत आलेली सर्टिफिकेटांची यादी पाहत होते. २०२४ मधील पिप २४.२ पासून विंडोजचा साठाही आपोआप पाहिला जातो, पण त्यासाठी पायथन किमान ३.१० लागते, त्यामुळे त्याचा मला उपयोग नव्हता.

इंटरनेटवर याचा सर्रास सांगितला जाणारा उपाय म्हणजे 'ट्रस्टेड होस्ट' हा पर्याय देऊन पडताळणीच बंद करणे. तो मी वापरला नाही. ज्या यंत्रावर कंपनीचे हिशेब आहेत, तिथे कोणाकडून आले याची खात्री नसलेला कोड उतरवणे मला चुकीचे वाटते, आणि आयटीचे निर्बंध जाचक वाटले तरी ते याच भीतीपोटी आहेत. मी आयटीकडे तिकीट (विनंतीची नोंद) टाकून कंपनीच्या त्या मूळ सर्टिफिकेटची फाइल मागितली आणि तिचा मार्ग पिपच्या सेटिंगमध्ये नोंदवला. लाल मजकूर गेला, पण लगेच ४०३ ही प्रवेश नाकारल्याची त्रुटी आली. प्रॉक्सीने पायपीआयला परवानगी दिली होती; मात्र तिथे फक्त सूची असते, प्रत्यक्ष फाइल्स पायथनहोस्टेड नावाच्या वेगळ्या डोमेनवरून येतात आणि ते बंद होते.

ते डोमेन सरसकट उघडून द्यायला आयटीने नकार दिला. तिथल्या सहकाऱ्यांनी फोनवर स्पष्ट सांगितले, "तुम्हाला नेमक्या कोणत्या फाइल्स हव्यात, आवृत्तीसकट लिहून द्या, आम्ही तपासून शेअर्ड ड्राइव्हवर ठेवतो." मी लिहू लागलो आणि दोनाची शेवटी आठ नावे झाली. पांडाजच्या मला हव्या असलेल्या आवृत्तीला नमपाय, डेटयुटिल, पायटीझी आणि टीझेडडेटा ही आणखी पॅकेजेस लागत होती. ओपनपायएक्सएलला ईटी-एक्सएमएलफाइल लागते. आणि डेटयुटिलला सिक्स लागते. हे सिक्स माझ्या पहिल्या यादीत राहून गेले होते, म्हणून सगळ्या फाइल्स आल्यावरही इन्स्टॉलेशन अगदी त्याच नावावर थांबले.

त्याआधी आणखी एक घोळ झाला होता. आयटीने फाइल्स उतरवल्या त्या लिनक्सच्या सर्व्हरवर, पायथन ३.१२ वापरून. त्यामुळे पांडाज आणि नमपायच्या फाइल्सच्या नावांत 'सीपी३१२' आणि 'मॅनीलिनक्स' असे होते, आणि माझ्या यंत्रावर त्या चालणार नाहीत असे पिपने बजावले. दुसऱ्या तिकिटात मी प्लॅटफॉर्म विंडोज ६४ बिट, पायथन ३.९ आणि केवळ व्हील (थेट बसवता येणाऱ्या तयार) फाइल्स, असे तिन्ही पर्याय पूर्ण आज्ञेसह लिहून दिले. राहिलेले सिक्स तिसऱ्या तिकिटात आले. प्रत्येक फाइलचा हॅश, म्हणजे फाइल बदललेली नाही हे ताडण्याचा सांकेतिक ठसाही, यादीत होता, त्यामुळे तपासणाऱ्याला तो पायपीआयवरच्या हॅशशी ताडून पाहता आला.

शेवटी पिपला इंटरनेटकडे न पाहता केवळ त्या फोल्डरमधून घ्यायला सांगितले. पिपची स्वतंत्र एक्झी फाइल धोरणामुळे चालत नव्हती, म्हणून ते पायथनमार्फतच चालवले. आठही नावे एका ओळीत 'यशस्वी' म्हणून उमटली, तेव्हा पहिल्या तिकिटाला अकरा दिवस झाले होते. ती यादी आता त्याच फोल्डरमध्ये मजकूर फाइल म्हणून ठेवली आहे, आणि गेल्या महिन्यात आमच्या विभागात रुजू झालेल्या सहकारी बाईंनी तिच्यावरून त्याच दिवशी पांडाज बसवले.