पुडीवरची चंद्रकोर

"आजी, सूर्य काढलाय ती सकाळी, चंद्र काढलाय ती रात्री. कळलं न्हवं?"

आज आईला घेऊन बेळगाव जिल्ह्यातल्या खानापुरात आमच्या डॉक्टरांकडं गेलो होतो. पुढं जांबोटीकडच्या एक आजी बसलेल्या. बीपी १७०/१००. "बरं वाटलं म्हणून गोळी बंद करायची न्हाई हां," डॉक्टर दोनदा बजावून म्हणाले.

मग कित्तूरकडचे एक काका आले. त्यांना कन्नडमधून, "ऊटा आतेन्री?" (जेवण झालं का?) आणि त्यांच्याही पुड्यांवर तेच सूर्य-चंद्र.

१९५६ ला हा सीमाभाग म्हैसूर राज्यात, म्हणजे आताच्या कर्नाटकात गेला, तेव्हापासून आपल्या भागात पाटी कुठल्या भाषेत, यावर किती डोकी तापली! माझंही तापतं, मराठीसाठी तापणारच. पण अक्षर न येणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला औषध कळायला हवं, एवढं या माणसानं किती साधेपणानं धरून ठेवलंय.

मनातून जात नाही ते वेगळंच. आईच्या पुडीवर चंद्रकोर काढताना डॉक्टरांचा हात थरथरला. रेघ वाकडी गेली. ती पुडी बाजूला ठेवून त्यांनी नवी घेतली, डाव्या हातानं मनगट धरलं आणि सावकाश पुन्हा काढली.

आईनं घरी येईपर्यंत ती पिशवीत टाकली नाही, हातातच धरली.

त्यांच्यानंतर त्या खुर्चीत कोण बसणार?